न सांगितलेली खोड

श्रीमंतनं खांद्यावरचा टावेल झटकला, मडिवाळप्पांच्या पुढं केलेल्या हातावर टाकला आणि आपला हात त्याखाली घातला. टपरीवरची माणसं चहा फुंकायची थांबली. मैदानाच्या भिंतीला टेकलेल्या त्या टपरीनं भांडणं पाहिली होती, सोयरिकी जुळताना पाहिल्या होत्या, पण हॉकीच्या गोलरक्षकाचा सौदा टावेलाखाली होताना पहिल्यांदाच पाहत होती.

टावेल हलत होता, म्हणजे आत बोटं बोलत होती. बैलबाजारात हेडी, म्हणजे जनावरांचे दलाल, असेच भाव ठरवतात. धरलेलं बोट म्हणजे आकडा, दाबलेलं बोट म्हणजे हट्ट, आणि झटकलेलं बोट म्हणजे निघा आता. श्रीमंत मूळचा हदगावकडचा, आज्यापासून जनावरांची दलाली करणाऱ्या घरातला. नांदेडच्या संघाचा मॅनेजर तो फार मागाहून झाला. झाला तरी त्याच्या लेखी आघाडीचा खेळाडू आणि लाल कंधारी खोंड यांत फरक एवढाच, की खोंडाला बूट लागत नाहीत. समोरचे मडिवाळप्पा लातूरचे डाळमिलवाले आणि तिथल्या संघाचे मालक. मूळचे उदगीरकडचे असल्यानं बोटांची भाषा त्यांनाही पाठ होती.

सौदा असा होता, की नांदेडचा गोलरक्षक नजीर लातूरला जायचा आणि लातूरचा तरुण गोलरक्षक यासेर नांदेडला यायचा. अडलं होतं ते पॉइंटांवर.

गोदा-मांजरा लीगला यंदा छत घातलं होतं. गेल्या साली एका मालकानं सगळे चांगले खेळाडू एकट्यानं गोळा केले आणि बाकीच्या संघांना इतकं तुडवलं, की शेवटच्या सामन्याला प्रेक्षक म्हणून खेळाडूंच्या सासुरवाडीची माणसं तेवढी उरली. तेव्हा समितीनं ठरवलं, की प्रत्येक खेळाडूला पॉइंट द्यायचे आणि संघाच्या बेरजेला छत. बेरीज छताला धडकली की संघ बाद. त्यात एकाच संघात जितकी सालं काढाल तितके पॉइंट वाढणार. निष्ठेचा मान राहावा, असा समितीचा सद्हेतू. झालं असं, की ज्यानं जन्मात संघ सोडला नाही तोच सगळ्यांत जड झाला, आणि त्यालाच सोडल्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. नजीरला ठेवायचं तर शिवम जात होता, रविकिरण जात होता. शिवमशिवाय गोल करणार कोण, आणि पेनल्टी कॉर्नर मारायला रविकिरणशिवाय होतं तरी कोण?

नजीर आमचा, पण त्याचे निम्मे पॉइंट तुमच्याच डोक्यावर ठेवा, असं मडिवाळप्पा म्हणणार याची श्रीमंतला खात्री होती. त्यासाठी त्यानं बोटं तयार ठेवली होती. पण त्यानं पहिल्यांदा जेवढं मागितलं तेवढं मडिवाळप्पांनी मुकाट धरलं.

"सगळे?" श्रीमंतनं न राहवून तोंडानं विचारलं.

"सगळे. आयतु," मडिवाळप्पा म्हणाले. झालं म्हणायचं असलं की त्यांच्या तोंडी कानडीच यायची.

गिऱ्हाईक घासाघीस करत नाही तेव्हा हेड्याचं पोट दुखू लागतं. श्रीमंत हात काढून घेणार तोच आतून त्याचं मनगट धरलं गेलं.

"खोड?"

हा प्रश्न विचारायचाच असतो आणि त्याचं उत्तर द्यायचंच असतं. जनावर मारकं असेल, बसकं असेल, पाण्याला बुजणारं असेल, ते हात सुटायच्या आत सांगायचं. सांगितली आणि घेणाऱ्यानं मान्य केली की सौदा दगडावरची रेघ. लपवली आणि मागाहून निघाली, तर जनावर परत आणि विकणाऱ्याचं नाव साऱ्या बाजारात.

"वय," श्रीमंत म्हणाला. "ते तर दाढीवरच दिसून राहिलं."

"दुसरी?"

श्रीमंतनं टावेल उचलला. "अप्पांना चहा सांगा रे."

समितीची बैठक रविवारी होती. तोवर नजीरला सांगायचं, त्याचा होकार घ्यायचा, एवढंच काम उरलं होतं. श्रीमंत तिथून उठला तो बसलाच नाही.

नजीर म्हणजे गाद्या-गिरद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याच्या घरातला. दुकानात कापूस पिंजायचा आणि मैदानावर आघाडीवाल्यांना. त्याच्याबद्दल नांदेडात जे सांगतात त्यातलं निम्मं खरं धरलं तरी गोलपोस्टला दार बसवायची गरज नव्हती. म्हणे, एकदा देगलूरच्या एका आडदांड गड्यानं मारलेला चेंडू त्याच्या पॅडवर आपटून असा परतला, की कंधारच्या किल्ल्याच्या खंदकात सापडला. खंदकात चेंडू सापडला हे खरं आहे. तो त्याच दिवशीचा होता का, हे कुणी विचारलं नाही. म्हणे, उन्हाळ्यात तो गोलात उभा राहिला की वारासुद्धा वळसा घालून जायचा.

पण एक गोष्ट कुणी सांगत नव्हतं, कारण ती आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, अशी श्रीमंतची समजूत होती. दोन सालांमागं सराव संपल्यावर मावळतीला श्रीमंतनं स्कूटरची किल्ली त्याच्याकडं फेकली होती. बंदुकीची गोळी झेलेल असा माणूस, आणि किल्ली कानाजवळून गेली तरी त्याचा हात वर झाला नाही. लक्ष नव्हतं यार, म्हणून तो हसला. मग जाता जाता गोलपोस्टवर वाळत घातलेल्या सदऱ्याला त्यानं बजावलं, की रविकिरण, उद्यापासून वेळेवर येत जा.

दुसऱ्या दिवशी श्रीमंत समितीकडं गेला आणि सांजेला गोदावरीवरून असा वारा सुटतो की चेंडू वाकडा जातो, तेव्हा नांदेडचे सगळे सामने सकाळीच घ्या, असं पटवून आला. समितीतलं कुणी सांजेचं मैदानाकडं कधी फिरकलंच नव्हतं. त्यांना पटलं. तेव्हापासून सारा संघ डोळे चोळत पहाटे मैदानावर यायचा आणि वाऱ्याला शिव्या द्यायचा.

आणि मडिवाळप्पांचं मैदान त्यांच्या मिलच्या मागं होतं. खांबाखांबावर दिवे. एक नांदेडशी होणारा सोडला तर लातूरचे सगळे सामने दिवेलागणीनंतर.

श्रीमंत सकाळी नजीरच्या दुकानात गेला आणि एक उशी घेऊन परत आला. दुपारी गेला, आणखी एक उशी घेऊन आला. घरी बायको उज्वला दारातच होती. तिनं दोन्ही उशा हातात घेऊन दाबून पाहिल्या.

"बैल विकताना तर एवढं फिरत न्हाईत तुम्ही," ती म्हणाली. "रोज सांजेला त्यांच्या संग येता-जाता, अन् एवढं एक सांगायला जीभ रेटंना व्हय?"

"सांगतो ना. मोका बघून राहिलोय."

"बघा. पण आता लोड नका आणू. ठेवायला जागा न्हाई."

तो जेवायला बसला आणि अर्ध्यावर उठला. फोन उघडला, बंद केला. अंगणातली स्कूटर चालू करून पाहिली, बंद केली, पुन्हा चालू केली आणि शेवटी तिच्यावर बसून निघाला.

नजीर दुकानाच्या दाराशी एक मोठी गादी घेऊन बसला होता. हातात लांब सुई. ऊन उतरत होतं तसतसा तो गादीसकट पुढं सरकत होता. आधी आत, मग उंबऱ्याशी, आता जवळजवळ रस्त्यावर. त्याची बायको आबेदा मागं बसून खोळी शिवत होती. श्रीमंतला पाहून ती चहाला उठली.

"उशी?" नजीरनं मान वर न करता विचारलं.

"हाव. एक."

"किती डोकी हायेत रे तुझ्या घरात?"

श्रीमंत बाकावर बसला, उठला, कापसाच्या गठ्ठ्याला टेकला. मग त्यानं ते रस्त्याकडं बघत सांगितलं. छत सांगितलं, शिवम सांगितला, पॉइंट सांगितले. सगळं सांगून झाल्यावर मधलं राहिलेलं एक वाक्य सांगितलं.

"तुझं नाव लातूरला दिलंय."

सुई गादीत गेली, पलीकडून निघाली.

"कुणी दिलं?"

"मी."

"बदल्यात?"

"यासेर."

"चांगला पोरगा हाय," नजीर म्हणाला. "उजवीकडं जरा उशिरा झुकतो. सांगशील त्याला." त्यानं दोरा ताणून ओढला. "लातूरला दिवे हायेत न्हाई?"

"हायेत."

"दिवसावाणी उजेड पडतो म्हणे."

"म्हणतेत खरं."

"मग बरंच की. रविवारी सांगतो हाव म्हणून."

दोरा संपला. नजीरनं कात्रीसाठी उजवीकडं हात नेला, फरशीवर फिरवला, मग डावीकडं फिरवला. कात्री गुडघ्यापुढंच होती. श्रीमंतनं पायानं ती अलगद पुढं सारली. नजीरच्या बोटांना ती लागली. दोघांनीही तसं काही झाल्याचं दाखवलं नाही.

"एवढ्यासाठी तीन उशा?" नजीर म्हणाला. "एका उशीत सांगायचं होतंस, शिरमंत."

चहा झाला. श्रीमंत निघाला तशी आबेदा खोळींचा गठ्ठा शेजारी द्यायचा म्हणून मागोमाग आली आणि स्कूटरपाशी थांबली.

"भाऊ, त्यांनी हैदराबादला दाखवलं होतं, कागद मला गवसला," ती हळू आवाजात म्हणाली. "डोळ्याचा पडदा खराब हाय, सुधरायचा न्हाई, असं लिहिलंय. ते मला सांगत न्हाईत, मी त्यांना विचारत न्हाई. पण तुम्हाला ठाऊक हाय."

श्रीमंत स्कूटरचा आरसा टावेलानं पुसू लागला.

"दिव्याखाली तर जास्तच चाचपडतेत. पहिल्याच सामन्यात सारं लातूर हसंल." तिनं गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. "घेणाऱ्याला सांगितलं का?"

"न्हाई, भाभी."

"बैलाचं तर सांगता," आबेदा म्हणाली आणि गठ्ठा घेऊन शेजारच्या घरात शिरली.

त्या रात्री नव्या उशीवर श्रीमंतचं डोकं ठरेना. कूस बदलली की कापूस कुरकुरे, आणि कापूस कुरकुरला की उज्वला विचारी, मिळाला का मोका. सकाळी उठला तो थेट बस स्टँडवर गेला. खोड फोनवर सांगायची नसते. समोर उभं राहून, डोळ्यात बघून सांगायची असते.

लोहा गेलं, अहमदपूर आलं. खिडकीची जागा मिळूनही तो उभाच होता. कंडक्टरनं दोनदा विचारलं, पाहुणे, मूळव्याध हाय का. अहमदपूरच्या पुढं मात्र त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि तो खाली बसला. खोड सांगितली की मडिवाळप्पा सौदा मोडणार. आंधळा गोलरक्षक कोण घेतंय? मोडला म्हणजे नजीर राहिला. छताचं मग बघता येईल. रविकिरणला सोडू, पेनल्टी कॉर्नर काय, कुणीही मारेल. सामने सकाळचे आहेतच. हे कालच कसं सुचलं नाही, म्हणून त्यानं स्वतःलाच शिवी हासडली आणि शेजारच्या म्हातारीला उगाच भुईमुगाच्या शेंगा देऊ केल्या. लातूर येईपर्यंत तो इतका हलका झाला होता, की बस थांबायच्या आधीच उतरला.

मिल चालू होती. तुरीच्या धुरळ्यानं सगळं अंगण पिवळसर झालं होतं. मडिवाळप्पांची बैठक वरच्या मजल्यावर, बाहेरच्या दगडी जिन्यानं जायची. अप्पा मालाच्या खरेदीत गुंतले होते. त्यांची वाट पाहण्यात दुपार गेली. श्रीमंतनं तो वेळ गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालण्यात काढला. बोलावणं आलं तेव्हा उन्हं कलली होती.

"अप्पा, एक खोड सांगायची राहिली," श्रीमंत उभ्या उभ्याच म्हणाला. "नजीरला सांजेनंतर दिसत न्हाई. दिव्याखाली तर न्हाईच. सौदा मोडायचा हक्क तुमचा."

मडिवाळप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"बसा," ते म्हणाले. "गेल्या साली बक्षिसं वाटली ती सांजेलाच. मी तुमच्या नजीरच्या गळ्यात हार घालायला गेलो. त्यांनी मान वाकवली ती माझ्यापासून हातभर बाजूला. हार पडला खाली. सारा मांडव मलाच हसला, अप्पा पिऊन आले म्हणून. महिनाभर हेच. आमच्या सात पिढ्यांत कुणी वास घेतला न्हाई."

"म्हणजे तुम्हाला—"

"तेव्हाच कळलं. फक्त तुम्ही सांगता का, ते बघायचं होतं." त्यांनी चष्मा चढवला. "सांगितलीत. मी ऐकली अन् मान्य केली. आता मोडत न्हाई सौदा."

श्रीमंत खुर्चीच्या काठावर टेकला. बसमधला सगळा हलकेपणा कुठं गेला ते त्याला कळेना.

"दिसत न्हाई त्या माणसाला गोलात उभं करून काय करणार, अप्पा?"

"गोलात कोण उभं करतंय?" मडिवाळप्पांनी खिडकीकडं बोट केलं. मागच्या मैदानावर मिलमधल्या हमालांची, भाजीवाल्यांची, शेतकऱ्यांची पोरं पॅड बांधून एकमेकांवर चेंडू मारत होती. "ह्यांना शिकवायला नेतोय. एक चेंडू तरी त्यांच्यासारखा कुणी अडवला हाय का मराठवाड्यात? समितीला विचारून घेतलंय. शिकवणारा खेळाडूंत धरत न्हाईत. त्याला पॉइंट न्हाई, छत न्हाई. नाव तेवढं माझ्या संघाकडं यायला पाहिजे होतं."

महिनाभर श्रीमंत नजीरला छताखाली बसवायला बघत होता. याला काढ, त्याला वाकव, ह्याचे कमी कर, त्याचे लपव. छताच्या बाहेरही माणूस उभा राहू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. हेड्याला बैल दोनच जागी दिसतो, जुंपलेला किंवा विकलेला. नांदेडचं मैदान, तिथली पोरं, ती गोलपोस्ट, सगळं होतं तिथंच होतं. एक शब्द टाकायचा होता समितीकडं. वाऱ्यासाठी टाकला होता तसा.

"अप्पा," तो म्हणाला, "माघारी द्या. तुमचा यासेर ठेवा, वर माझा एक पोरगा घ्या वाटलं तर. मी नजीरला तिकडंच—"

"श्रीमंतराव." मडिवाळप्पा हसले नाहीत. "खोड सांगून झाली. मान्य झाली. आता तुम्हीच सांगा, असा सौदा माघारी जातो का?"

खाली मिलचा पट्टा थांबला, आणि अचानक शांत झालं.

"न्हाई," श्रीमंत म्हणाला.

"नजीर खेळायचंच म्हणून हटून बसले तर?"

"बसंल. दोन दिवस बसंल," श्रीमंत म्हणाला. "मग खिडकीतनं पोरांचा आवाज येईल. मग न्हाई बसायचा."

मडिवाळप्पांनी खुर्ची पुढं ओढली. सौदा पुरा झाल्यावर घेणारा विचारतो तसं त्यांनी विचारलं, "आता सवयी सांगा."

विकलेल्या जनावराच्या सवयी सांगायच्या असतात. पाणी कधी पितं, कोणत्या अंगाला झुकतं, कशाला बुजतं. श्रीमंतनं जन्मभर त्या कवायतीसारख्या म्हणून टाकल्या होत्या. आज त्यानं आधी टावेल मांडीवर घडी करून ठेवला.

"चहा गार झाल्याशिवाय पीत न्हाई," तो म्हणाला. "कप हातात द्यायचा न्हाई, समोर ठेवायचा अन् जरा वाजवून ठेवायचा. दिवेलागण झाली की त्याला एकट्याला निघू द्यायचं न्हाई. पण सोडायला येतो असं म्हणायचं न्हाई. आपलं तिकडंच काम हाय म्हणायचं. रोज नवीन काम सांगावं लागतं."

मडिवाळप्पांनी खुर्ची आणखी पुढं घेतली.

"हात धरायचा न्हाई. राग येतो. आपला खांदा त्याच्या डाव्या अंगाला ठेवायचा, तो आपणहून धरतो. धरला हे आपल्याला कळलंच न्हाई असं चालायचं. पायऱ्या आल्या की आपण आधी उतरायचं, अन् उतरताना बोलत राहायचं, काही का असंना. आवाज खाली गेला की त्याला पायरी कळती." त्यानं टावेलाची घडी उलगडली. "दारापर्यंत जायचं न्हाई. कोपऱ्यावर थांबायचं. कडी वाजली की वळायचं."

बाहेर एकेका खांबावरचा दिवा लागत होता. मडिवाळप्पांनी आणखी काही आहे का म्हणून विचारलं नाही. श्रीमंतही मग उठला. नांदेडची गाडी चुकेल म्हणाला, रामराम घातला आणि गॅलरीतून जिन्याकडं वळला.

पहिली पायरी उतरताना त्यानं यंदा तुरीला भाव बरा आहे म्हणून सुरुवात केली. मग अहमदपूरचा रस्ता, मग कंडक्टर, मग उज्वलानं लोड आणायची केलेली मनाई. पायरीमागून पायरी तो मोठ्यानं, सावकाश बोलत उतरत गेला. आपल्या खांद्यावर कुणाचा हात नाही आणि मडिवाळप्पा अजून वरच उभे आहेत, हे त्याला शेवटच्या पायरीवर कळलं.